अमेरिकेतलं सरकारी हमीचं ग्रामीण घरकर्ज: चॅटम काउंटीत घर घेताना आधी काय, नंतर काय

नॉर्थ कॅरोलिनात रॅली, कॅरी, डरम या पट्ट्यात घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या, तशी मराठी कुटुंबं शेजारच्या चॅटम काउंटीत घरं बघू लागली. तिथे गेलं की कोणीतरी यूएसडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचं, नाव घेऊन सांगतं, "यूएसडीएचं कर्ज घ्या, डाउन पेमेंट शून्य." हे खरं आहे. पण हे कर्ज नाकारलं जातं तेव्हा कारण दर वेळी क्रेडिट स्कोअरच नसतो, कधी चुकलेला क्रम असतो. घर आधी पसंत केलं जातं, परत न मिळणारे पैसे भरले जातात आणि पात्रता मग तपासली जाते. खालचे टप्पे याच क्रमाने करा.

हा लेख हमीच्या कर्जाबद्दल आहे. १९४९ च्या हाउसिंग ॲक्टमधल्या कलम ५०२ खाली दोन कर्जं मिळतात. थेट कर्ज यूएसडीए स्वतः देतं, ते कमी आणि अतिशय कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आहे. हमीच्या कर्जात पैसे खासगी लेंडरचे, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा कंपनीचे, असतात आणि नुकसान झालं तर ९० टक्क्यांपर्यंत हमी सरकारची असते. पगारदार मध्यमवर्गीय घराला लागू पडतं ते हे दुसरं.

## टप्पा १: घर बघण्याआधी घरातली माणसं मोजा

पहिला प्रश्न इमिग्रेशनचा. अर्जदार अमेरिकन नागरिक किंवा कायद्याने 'पात्र परकीय' हवा. ग्रीन कार्डवाले त्यात बसतात, एच-वन-बी किंवा एल-वन या कामाच्या व्हिसांवरचे बसत नाहीत. त्यांना कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं, कर्ज मिळू शकतं, हे नाही. नवरा ग्रीन कार्डावर आणि बायको अजून दुसऱ्या व्हिसावर असेल तर कर्ज एकट्या नवऱ्याच्या नावावर निघू शकतं. मात्र मग परतफेडीसाठी पगारही त्याचाच धरला जातो.

दुसरा प्रश्न उत्पन्नाचा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. या कर्जात उत्पन्न दोनदा आणि दोन निरनिराळ्या रीतींनी मोजतात.

पहिलं मोजमाप परतफेडीच्या उत्पन्नाचं. कर्जावर ज्यांची सही आहे, फक्त त्यांची स्थिर कमाई. घराचा हप्ता, म्हणजे मुद्दल, व्याज, मालमत्ता कर, विमा आणि हमीचं वार्षिक शुल्क धरून, ढोबळ मासिक पगाराच्या २९ टक्क्यांत बसावा. गाडी, क्रेडिट कार्ड, शिक्षणकर्ज धरून सगळे हप्ते ४१ टक्क्यांत बसावेत. महिना ६,५०० डॉलर पगार असेल तर घराला १,८८५ आणि एकूण २,६६५ डॉलर. क्रेडिट चांगलं असेल तर थोडी सवलत मिळते, पण तिच्यावर विसंबून घर शोधायला निघू नका.

दुसरं मोजमाप कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचं. यात पुढच्या १२ महिन्यांत त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची कमाई धरतात, मग त्याची सही कर्जावर असो वा नसो. ही बेरीज त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही. ग्रीन कार्डावर आलेल्या सासूबाई तुमच्याकडे राहणार असतील आणि त्यांचं पेन्शन पुण्याच्या बँकेत जमा होत असेल, तर तेही यात येतं. "ते पैसे आम्ही इकडे आणतच नाही" हे उत्तर चालत नाही. हप्ता फेडायला हे पेन्शन उपयोगी नाही, मर्यादा ओलांडायला मात्र पुरेसं आहे.

यालाच दुसरी बाजू आहे. मर्यादा १ ते ४ माणसांच्या घराला एक आणि ५ ते ८ माणसांच्या घराला दुसरी, जास्त असते. नवराबायको, दोन मुलं आणि आजी, म्हणजे पाच माणसं, वरच्या गटात जातात. शिवाय मुलांसाठी, पाळणाघराच्या खर्चासाठी आणि अर्जदार स्वतः वयस्क किंवा अपंग असेल तर वैद्यकीय खर्चासाठी नियमानुसार वजावट मिळते. म्हणून आकडा जवळपास पोचला की स्वतःच "आपण बसत नाही" असं ठरवू नका. वजावट धरून मोजायला लेंडरला सांगा.

सावधान: भारतातला फ्लॅट, एफडी, शेतजमीन, भाडं हे सगळं अर्जात दाखवायचं असतं. लपवलेली गोष्ट पुढे बँक स्टेटमेंटमधून बाहेर पडते आणि तेव्हा प्रश्न पैशाचा न राहता खोट्या माहितीचा होतो. हातात २० टक्के डाउन पेमेंटइतकी रोकड असून साधं कर्ज सहज मिळत असेल, तर हे कर्ज तुमच्यासाठी नाहीच.

## टप्पा २: पत्ता नकाशावर ठेवून बघा

काउंटी ग्रामीण म्हणून प्रत्येक घर पात्र, असं नसतं. यूएसडीएच्या संकेतस्थळावर पात्रतेचा नकाशा आहे, त्यात नेमका पत्ता टाकून बघायचा. 'ग्रामीण' म्हणजे शेतातच हवं असंही नाही. पिट्सबरो आणि सायलर सिटीसारखी छोटी गावंही यात येतात.

चॅटममध्ये टपालाचा पत्ता हमखास फसवतो. काउंटीच्या उत्तर भागातल्या कितीतरी घरांच्या पत्त्यावर 'चॅपल हिल' लिहिलेलं असतं, पूर्वेला 'एपेक्स' किंवा 'न्यू हिल', दक्षिणेला 'सॅनफर्ड'. ती घरं चॅटममध्ये असतात, फक्त टपाल त्या गावातून येतं. उलट कॅरी शहराची हद्द चॅटममध्येही शिरलेली आहे. म्हणून लिस्टिंगवरचं गावाचं नाव वाचून होय किंवा नाही ठरवू नका. नकाशावरचा ठिपका घराच्याच छपरावर पडला का ते बघा. नवीन वसाहतीत पत्ता सापडला नाही तर खूण हाताने सरकवा.

तपासा: निकालाचं पान तारखेसकट छापून किंवा सेव्ह करून ठेवा. नकाशे बदलतात.

## टप्पा ३: कागदांची फाइल आधी लावा

दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न आणि डब्ल्यू-टू (नोकरी देणाऱ्याने दिलेला वार्षिक पगाराचा फॉर्म), अलीकडच्या पगाराच्या पावत्या, सगळ्या खात्यांची स्टेटमेंट्स, ग्रीन कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत. घरातल्या बाकीच्या प्रौढांच्या उत्पन्नाचे कागदही यातच. भारतीय बँकेचं पासबुक मराठी किंवा हिंदीत असेल तर इंग्रजी स्टेटमेंट मागवून घ्या.

नावाकडे आत्ताच लक्ष द्या. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, ग्रीन कार्डावर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, बँकेत फक्त आद्याक्षर, आणि लग्नानंतरचं नाव एकाच ठिकाणी बदललेलं, असं आपल्याकडे घरोघरी असतं. लेंडर त्यासाठी 'हे सगळे एकच' असं प्रतिज्ञापत्र करून घेतो. पण डीडवर, म्हणजे खरेदीखतावर, कोणतं नाव लागणार ते आज ठरवा आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तेच द्या.

भारतातून आईवडील मदत पाठवणार असतील तर गिफ्ट चालतं. त्याला गिफ्टचं पत्र लागतं आणि पैसे कोणत्या खात्यातून निघाले, कसे आले, याचा सलग माग लागतो. अर्ज चालू असताना खात्यात अचानक जमा झालेली मोठी रक्कम फाइल हमखास अडवते. रक्कम आधी आणा आणि पाठवणीच्या पावत्या जपून ठेवा.

## टप्पा ४: लेंडर निवडा

सगळे लेंडर हे कर्ज देत नाहीत, आणि देणारे सगळे ते नेहमी करतात असंही नाही. फोनवर हे विचारा: गेल्या वर्षभरात यूएसडीएची हमी असलेली किती कर्जं केली? कुटुंबाच्या उत्पन्नाचा हिशेब लेखी द्याल का? क्रेडिट स्कोअर ६४० च्या वर असेल तर यूएसडीएच्या संगणक प्रणालीतून मंजुरी बऱ्याचदा सरळ निघते. कमी असेल तर माणसाकरवी छाननी होते, ती हा लेंडर करतो का?

व्याज ३० वर्षं स्थिर असतं. हमीचं सुरुवातीचं शुल्क १ टक्का, ते कर्जातच मिळवता येतं. वार्षिक शुल्क ०.३५ टक्के, ते हप्त्यातून जातं. २,८०,००० डॉलरच्या घराला पूर्ण कर्ज घेतलं तर शुल्क मिळवून कर्ज सुमारे २,८२,८०० डॉलर होतं आणि पहिल्या वर्षी वार्षिक शुल्कापोटी महिन्याला सुमारे ८२ डॉलर जातात. 'शून्य डाउन पेमेंट' म्हणजे शून्य खर्च नव्हे. वकील, टायटल विमा (मालकीत पुढे दोष निघाला तर), अप्रेजल (घराच्या किमतीचा अंदाज), कर आणि विम्याची आगाऊ रक्कम हे वेगळं. त्यासाठी विक्रेता किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंत हातभार लावू शकतो, पण ते ऑफरमध्येच लिहावं लागतं.

सावधान: इथून क्लोजिंगपर्यंत, म्हणजे शेवटच्या सह्यांपर्यंत, नवी गाडी नाही, नवं क्रेडिट कार्ड नाही, नोकरी बदलायची तर आधी लेंडरला विचारून.

## टप्पा ५: ऑफर, आणि ड्यू डिलिजन्सची मुदत

नॉर्थ कॅरोलिनात ऑफर देताना दोन रकमा लिहितात. अर्नेस्ट मनी, म्हणजे बयाणा, तिसऱ्याकडे एस्क्रोत, म्हणजे राखीव खात्यात, राहतं आणि मुदतीत माघार घेतली तर परत मिळतं. ड्यू डिलिजन्स फी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत तपासणी करून माघार घेण्याच्या हक्काची किंमत, थेट विक्रेत्याच्या हातात जाते. व्यवहार पूर्ण झाला तर ती किमतीतून वळती होते. तुम्ही मागे फिरलात, किंवा कर्ज नाकारलं गेलं, तरी ती जाते. म्हणून टप्पा १ आणि २ पूर्ण झाल्याशिवाय ही फी देऊ नका.

ऑफरच्या नमुन्यात कर्जाचा प्रकार लिहायचा असतो, तिथे यूएसडीए लिहा. मुदत मोकळी मागा. इथे मंजुरी दोन हातांतून जाते, आधी लेंडरचा अंडररायटर (कागद तपासून मंजुरी देणारा), मग यूएसडीए. शिवाय विहीर, सेप्टिक (घरचं सांडपाणी जमिनीत मुरवणारी टाकी) आणि जमिनीचे कागद तपासायला दिवस लागतात. मुदत संपल्यावर सापडलेला दोष तुमच्याच गळ्यात राहतो.

## टप्पा ६: काउंटीचं दप्तर उघडा

हा टप्पा बहुतेक जण वकिलावर सोडून मोकळे होतात. वकील टायटल शोधतो, म्हणजे जमीन विकणाऱ्याचीच आहे ना आणि तिच्यावर बोजा नाही ना, हे बघतो. जमिनीत काय काय घडून गेलं हे शोधणं त्याच्या कामात नेहमी येत नाही. आणि यूएसडीएचं कर्ज अडतं ते पुष्कळदा त्या घडून गेलेल्यावर.

सातबाऱ्यासारखा मालक, क्षेत्र, पीक आणि बोजा एकत्र दाखवणारा उतारा इथे नाही. चार ठिकाणी बघावं लागतं: पिट्सबरोच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे खरेदीखतं आणि नकाशे, टॅक्स ऑफिसात कराची नोंद, काउंटीच्या जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या, नकाशावर हद्दी, आणि पर्यावरण आरोग्य विभागात विहीर व सेप्टिकचे परवाने.

सुरुवात आजच्या डीडपासून करा आणि मागे जा. वर्णनाच्या शेवटी "अमुक बुक, अमुक पान यात नोंदलेली हीच मिळकत" अशा अर्थाची ओळ असते, ती तुम्हाला आधीच्या डीडवर नेते. डीडवर एक्साइज टॅक्सचा, म्हणजे विक्रीवरच्या कराचा, आकडाही असतो. हा कर दर ५०० डॉलरला १ डॉलर, म्हणून त्या आकड्याला ५०० ने गुणलं की तेव्हाची किंमत कळते. ४४० डॉलरचा शिक्का म्हणजे २,२०,००० ची विक्री. शिक्का शून्य असेल तर व्यवहार बहुधा घरातल्या घरात किंवा बक्षीस म्हणून झालाय. अशा जागी वारसांचा प्रश्न शिल्लक आहे का, हे वकिलाला मुद्दाम विचारा. इथेही वाडवडिलांची जमीन कोर्टात वारस न लावता पिढ्यान्पिढ्या तशीच चालवलेली सापडते. एका दूरच्या चुलत भावाची सही नसेल तर टायटल विमा मिळत नाही, आणि त्याशिवाय कर्ज नाही.

जुन्या वर्णनात 'पोल' आणि 'चेन' भेटतात. १ पोल म्हणजे साडेसोळा फूट, १ चेन म्हणजे ६६ फूट, आणि १० चौरस चेन म्हणजे १ एकर, आपले ४० गुंठे. वर्णन 'ओढ्याकाठचा ओकचा बुंधा' इथून सुरू होत असेल तर नवीन मोजणी करून घ्याच.

काउंटी १७७१ मध्ये ऑरेंज काउंटीतून वेगळी झाली, त्याआधीच्या नोंदी हिल्सबरोला. १९०७ मध्ये दक्षिणेचा काही भाग नव्या ली काउंटीत गेला. कर्जासाठी इतकं मागे जायची गरज नाही, पण दक्षिण सीमेलगतच्या जागेची साखळी मधेच तुटलेली दिसली तर कागद कोणत्या काउंटीत शोधायचे ते यावरून कळतं.

आता कोणत्या भागात काय शोधायचं ते.

दक्षिण चॅटम, डीप नदीचा पट्टा. इथे कोळशाच्या खाणी होत्या. कोल ग्लेनच्या खाणीत २७ मे १९२५ रोजी स्फोट होऊन ५३ कामगार गेले. अशा भागात जमीन एकाची आणि खालच्या खनिजाचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो. या राज्यात खनिज, तेल आणि वायू हक्कांचं वेगळं प्रकटीकरण विक्रेत्याने ग्राहकाला द्यायचं असतं. ते मागून घ्या. त्यात 'माहीत नाही' वर खूण असेल तर जुन्या डीडमध्ये 'राखून ठेवलेले हक्क' शोधा.

पूर्व चॅटम, जॉर्डन लेक. हॉ नदीवर धरण बांधून हे तळं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भरलं. पाण्याची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून २१६ फूट, पूर साठवण्याची २४० फूट. तळ्यालगतच्या जागेत सरकारी हद्द आणि पाणी चढू देण्याचा हक्क कुठवर आहे, ते नकाशावर बघा. पूरक्षेत्रात घर असेल तर पुराचा विमा लागतो आणि तो हप्ता वरच्या २९ टक्क्यांत मोजला जातो.

जुन्या शेताचे तुकडे. इथे दोन गोष्टी. एक, हे कर्ज उत्पन्न देणाऱ्या शेतीसाठी नाही. वापरात नसलेलं जुनं तंबाखूचं कोठार असेल तर हरकत नसते, चालू कोंबड्यांची शेड असेल तर असते. दोन, जमीन 'प्रेझेंट यूज व्हॅल्यू' सवलतीत आहे का ते टॅक्स ऑफिसात विचारा. या सवलतीत शेतीला आणि जंगलाला कमी कर लागतो. जमीन त्यातून बाहेर पडली की चालू वर्षाचा आणि मागच्या तीन वर्षांचा राहिलेला कर व्याजासकट वसूल होतो. तो कोण भरणार हे करारात लिहून घ्या.

कुटुंबाची स्मशानं. जुन्या शेतांच्या कोपऱ्यात दोनचार दगड आणि भोवती सदाहरित वेल दिसली तर ती थडगी असू शकतात. चॅटम काउंटी हिस्टॉरिकल असोसिएशनने काउंटीतल्या स्मशानांची पाहणी केलेली आहे, त्यात तुमची जागा बघा. वंशजांना तिथे यायचा हक्क राज्याच्या कायद्यात आहे. थडगी आहेत म्हणून घर सोडून देण्याचं कारण नाही, पण अंगण, सेप्टिक किंवा पुढची वाढीव खोली तिथे करता येणार नाही, हे आधी कळायला हवं. आणि ती माणसं कोणाची तरी आहेत, त्यांच्या येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवावी.

जुने निर्बंध. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या डीडमध्ये गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये अशी अट सापडू शकते. वाचून मन विटतं, पण १९४८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ती कोर्टाकरवी अमलात आणता येत नाही आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टनंतर ती बेकायदा आहे. व्यवहार त्यासाठी थांबवू नका.

तपासा: रस्ता खासगी असेल तर कायमचा नोंदलेला वाटेचा हक्क हवा. "सगळे इथूनच जातात" हे यूएसडीएला पुरत नाही.

## टप्पा ७: विहीर, सेप्टिक, अप्रेजल

पर्यावरण आरोग्य विभागातून सेप्टिकचा मूळ परवाना काढा आणि त्यावर किती बेडरूम लिहिलेत ते बघा. सेप्टिकची क्षमता दर बेडरूमला रोज १२० गॅलन या हिशेबाने धरतात. जाहिरातीत चार बेडरूम आणि परवान्यात तीन, हे वारंवार दिसतं. तसं असेल तर ते घर तीन बेडरूमचंच समजा आणि भाव त्याप्रमाणे करा. पूर्व भागातल्या ट्रायसिक खोऱ्याच्या चिकणमातीत पाणी मुरत नाही, तिथे बिघडलेलं सेप्टिक बदलायला दुसरी जागा उरलीये का हेही विचारा.

विहिरीच्या पाण्याची तपासणी प्रमाणित प्रयोगशाळेतून या कर्जाला लागतेच. जीवाणू, नायट्रेट, शिसं यांबरोबर आर्सेनिकही मागा, कारण काउंटीचा पश्चिम भाग ज्या स्लेट पट्ट्यात येतो तिथल्या खडकात तो नैसर्गिकरीत्या असतो.

अप्रेजर किमतीबरोबर घराची किमान अवस्थाही बघतो. गळकं छप्पर, जुन्या घराचा सोललेला रंग, उघड्या तारा हे दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जात नाही. मात्र अप्रेजल म्हणजे इन्स्पेक्शन नव्हे. ते तुमच्या खर्चाने वेगळं करून घ्या.

## टप्पा ८: यूएसडीएची कंडिशनल कमिटमेंट

लेंडरचा "अप्रूव्ह्ड" असा मेल आला की लोक सामान बांधायला घेतात. थांबा. फाइल त्यानंतर यूएसडीएकडे जाते आणि तिथून कंडिशनल कमिटमेंट, म्हणजे हमीचं अटींसह पत्र, आल्याशिवाय या कर्जाचं क्लोजिंग होत नाही. सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि निधी मंजूर न होता सरकार ठप्प झालं तर या कमिटमेंट थांबतात. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या आरंभी क्लोजिंग असेल तर तारीख पुढे नेण्याची सोय करारात ठेवा, आणि भाड्याचं घर त्याच दिवशी सोडायची नोटीस देऊ नका.

## टप्पा ९: क्लोजिंग

क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे अंतिम खर्चाचा तक्ता, तीन कामाचे दिवस आधी हातात पडतं. ते सुरुवातीच्या लोन एस्टिमेटशेजारी ठेवून ओळीओळीने ताडा: व्याजदर, हमीचं शुल्क, विक्रेत्याचा हातभार, ड्यू डिलिजन्स फीची वजावट. लेंडरचा टायटल विमा सक्तीचा आहे, मालकाचा ऐच्छिक. तो घ्याच, एकदाच पैसे भरायचे असतात.

सह्या झाल्या म्हणजे किल्ली मिळाली असं या राज्यात नसतं. वकील डीड नोंदवतो, मग पैसे वाटले जातात, मग किल्ली. शुक्रवारी दुपारी क्लोजिंग ठेवलं तर नोंदणी सोमवारवर जाऊ शकते.

नोंदणी झाल्यावर रजिस्टर ऑफ डीड्सच्या संकेतस्थळावर आपलं डीड उघडा आणि नावाचं स्पेलिंग, बुक आणि पान, क्षेत्र हे स्वतः वाचा. चूक असेल तर लगेच वकिलाला कळवून दुरुस्त डीड नोंदवून घ्या. जमीन कराच्या सवलतीत होती आणि ती पात्रतेत बसून चालू ठेवायची असेल, तर नव्या मालकाचा अर्ज ६० दिवसांत टॅक्स ऑफिसात पोचला पाहिजे. मालमत्ता कर १ सप्टेंबरला देय होतो आणि ५ जानेवारीपर्यंत दंडाशिवाय भरता येतो. तो एस्क्रोतून लेंडर भरत असला, तरी पहिल्या वर्षी बिल जुन्या मालकाच्या नावाने निघू शकतं. ते तुमच्या लेंडरकडे पोचलं का, हे डिसेंबर उजाडण्याआधी फोन करून विचारा.